काळ्या पानांची मिरची ओळखताना (माझा अनुभव)

जूनमध्ये घोडबंदर रोडच्या एका नर्सरीतून एक रोप आणलं, पानं जवळजवळ काळी आणि फळं करवंदासारखी गोल, काळी, चकचकीत. नाव विचारलं तर "शोभेची मिरची आहे ताई" एवढंच. घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं अशी गोल मिरची असते का, आधी नीट बघ, पोरं तोंडात घालतील."

त्यांची काळजी खरी होती, कारण जेरुसलेम चेरी म्हणून एक शोभेचं झाड आहे, मिरचीच्याच कुळातलं, दिसायलाही तसंच, पण त्याची फळं विषारी. म्हणून फूल उमलायची वाट बघितली. जेरुसलेम चेरीच्या पांढऱ्या फुलात मध्यभागी पिवळेधमक परागकोश असतात, माझं फूल जांभळं आणि परागकोश निळसर. म्हणजे मिरचीच, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला!

मग प्रश्न कुठली? लागवडीतल्या मिरचीच्या 5 प्रजाती आहेत. बॅकॅटमच्या पाकळ्यांवर पिवळट हिरवे ठिपके असतात, ते नव्हते. चायनेन्सला एका पेरावर दोन-तीन फुलं येतात, इथे एकेकच. फ्रुटेसेन्सचं फूल हिरवट पांढरं, माझं जांभळं. प्युबेसन्सचं फूल जांभळंच असतं पण बिया काळ्या, म्हणून एक फळ कापलं, बिया फिकट पिवळ्या निघाल्या (हातमोजे घालाच, मी नाही घातले आणि संध्याकाळपर्यंत बोटांची आग आग). म्हणजे अ‍ॅन्युअम, आपली रोजची मिरची ज्यातली तीच.

वाणाच्या बाबतीत मात्र अडकले. सगळं ब्लॅक पर्लशी जुळत होतं, तो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला वाण, 2006 साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा (नवे वाण पारखणारी तिकडची संस्था) पुरस्कार मिळालेला. पण जुलैत नवी पानं चक्क हिरवी यायला लागली आणि मला वाटलं रोग पडला किंवा झाडच वेगळं आहे. खरं कारण उजेड होतं, पानांचा काळेपणा अँथोसायनिन या जांभळ्या रंगद्रव्याचा आणि ते भरपूर ऊन मिळालं तरच नीट तयार होतं, आमच्या गॅलरीत पावसाळ्यात अंधारच. ऑक्टोबरमध्ये कुंडी गच्चीवर नेली तर पुढची पानं परत काळी, आणि जुनी फळं लालभडक पिकली.

तरी कुंडीवर "ब्लॅक पर्लसारखी" एवढंच लिहिलंय, कारण मधमाश्या मिरच्यांचा संकर करतात आणि नर्सरीतलं बी कुठून आलं काय माहीत. आता चार कळ्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्यात, त्यांच्या बियांची रोपं सारखी येतात का ते बघायचंय.