बाबाच्या मणक्याचं ऑपरेशन, आम्ही हो कसं म्हटलं

मणक्यात कॅन्सर गेला म्हणजे घरी न्या अन सेवा करा, असं आमच्याकडे लोक सरळ बोलून मोकळे होतात, म्हणून हे लिहितो.

बाबाची एक किडनी कॅन्सरमुळे नागपूरला आधीच काढलेली, त्यानंतर ते वावरात जायला लागले होते. मग ऐन कापसाच्या दिवसात पाठ धरली. गावात पाठ कोणाची दुखत नाही, पण हे दुखणं उलटं, दिवसा कमी आणि रात्री बाजेवर आडवं झालं की जास्त, शेवटी तर बसूनच झोपायचे. पुढे पाय लटपटायला लागले, चप्पल पायातून निघून गेली तरी कळेना, तेव्हा गाडी सांगून रातोरात नागपूर गाठलं.

पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. छातीमागचा एक मणका पोखरलेला आणि त्यात पसरलेली किडनीच्याच कॅन्सरची गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. सूज उतरावी म्हणून लगेच डेक्साचं (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) इंजेक्शन, त्यानं शुगर वाढली, मग इन्सुलिन.

काकाजी म्हणे, "या वयात कायले चिरफाड करता बावा, शेक देऊन पाहा ना." शेक म्हणजे रेडिएशन, गाठीवर किरणं देतात ते. मलाही तेच सोपं वाटत होतं. सर्जननं बसवून सांगितलं की लिम्फोमा, मायलोमा या रक्ताच्या जातीच्या कॅन्सरच्या गाठी शेकानं लवकर विरघळतात, तिथं सहसा ऑपरेशन लागत नाही, किडनीची गाठ मात्र साध्या शेकाला दाद देत नाही. शिवाय खचलेलं हाड शेकानं उभं राहत नाही. मणका किती डळमळीत आहे याचा 18 पर्यंतचा स्कोअर असतो, 13 किंवा वर म्हणजे अस्थिर, बाबा त्यातच होते.

मी आकडे मागितले. 2005 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आलेला 101 पेशंटचा अभ्यास त्यांनी सांगितला, ऑपरेशन अधिक शेक घेतलेले 84 टक्के चालू शकले, नुसता शेक घेतलेले 57. ऑपरेशनवाल्यांतल्या निम्म्यांचं चालणं 122 दिवस किंवा जास्त टिकलं, नुसत्या शेकवाल्यांत तोच आकडा 13 दिवस. मी म्हटलं, चारच महिने? ते म्हणाले हे ऑपरेशन कॅन्सर बरा करायला नाहीच, पाय वाचवायला आहे, आणि निदान तीन महिने तरी जगेल असं वाटलं तरच करायचं. म्हणून आधी छातीचा सीटी, फुप्फुसात बारके ठिपके होते पण आवरण्यासारखे.

बाबाले विचारलं तर म्हणे, "मले संडासले आपल्या पायानं जाता आलं पायजे, बाकी तुमी पाहा." मग मी सही केली, काकाजी दोन दिवस बोलले नाही.

किडनीची गाठ फार रक्त सांडते, म्हणून आदल्या दिवशी जांघेतून नळी घालून तिचा रक्तपुरवठा बंद केला, तरी गावातली पोरं रक्त द्यायला आलीच. ऑपरेशनमध्ये हाड काढून मज्जारज्जू मोकळा केला, वरखाली स्क्रू-रॉड टाकले, गाठ पूर्ण काढली नाही, उरलेली शेकासाठी. डेक्सामुळे जखम भरायला उशीर लागतो म्हणे, आमची पाझरतच राहिली, शेक पुढं ढकलला, तो काळ ऑपरेशनपेक्षा जड गेला.

लघवीची नळी निघाली, आधी वॉकर, आता काठी. डावा पाय ओढतच चालतात, तो पूर्ण येईल असं कोणी म्हटलंही नव्हतं. कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत, त्यानं बीपी वाढतो आणि तळपाय सोलतात. पुढच्या स्कॅनमध्ये ठिपके वाढले तर गोळी बदलणार आहेत.