रात्री दोनची नोंद

रक्तपेढीतल्या फ्रिजचं तापमान दर 4 तासांनी रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. सकाळी 6, 10, दुपारी 2, मग पुन्हा 6, 10 आणि रात्री 2. दिवसाचे सहा आकडे आणि प्रत्येकापुढं सही. त्यातल्या दोन आकड्यांनी माझ्या नव्या नोकरीचा दुसराच महिना असा काही नासवला की वर्ष उलटलं तरी ते डोक्यातून जात नाही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी सोलापुरातल्या एका रक्तपेढीत टेक्निशियन म्हणून लागले. आधी दोन वर्षं लॅबमध्ये काढली होती, त्यामुळं ग्रुपिंग, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं) हाताखालचं होतं. बाकीचं शिकायला मला अण्णांच्या हाताखाली दिलं. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. सतरा वर्षं तिथं आहेत, अजून कंत्राटावर.

अण्णांचा हात मी कधीच विसरणार नाही. एखाद्या दात्याची शीर दिसत नाही, सापडत नाही, आम्ही दोघी-तिघी चाचपून दमलोय, अशा वेळी अण्णा यायचे. समोरच्याचा चेहरा बघून तेलुगूत, कन्नडात नाहीतर मराठीत दोन शब्द बोलायचे, कोपराच्या खोबणीत एक बोट ठेवायचे आणि दुसरीकडंच बघत राहायचे. मग म्हणायचे, "हितंय की." सुई एकदाच जायची. दात्याला कळायचंसुद्धा नाही.

पण सुई निघाली की अण्णांचं काम संपलं. बॅग भरल्यावर तिच्या नळीतलं रक्त स्ट्रिपरनं दाबून तीन वेळा बॅगेत ढकलायचं असतं, म्हणजे ते आतल्या औषधात नीट मिसळतं आणि पुढं क्रॉसमॅचला नळीत गुठळी सापडत नाही. हे अण्णा करत नसत. बॅगा तशाच ट्रेमध्ये पडून. नव्या बॅगा फ्रिजमध्ये मागं लावून जुन्या पुढं घ्यायच्या असतात, कारण लाल पेशींची बॅग फार तर 42 दिवस टिकते. अण्णा नवी बॅग पुढंच टेकवायचे, हात आत घालायचा कंटाळा. मागं राहिलेली बॅग मुदत संपून फेकावी लागली की म्हणायचे, "बी पॉझिटिव्हला मागणीच नाही." सोलापुरात बी पॉझिटिव्हला मागणी नाही! विजयपूर, कलबुर्गी, तुळजापूर, नळदुर्ग, सगळीकडचे पेशंट इथं येतात.

मी नवी होते. मी त्यांच्या नळ्या स्ट्रिप करायची, बॅगा मागंपुढं करायची, लेबलं लावायची. ओ ग्रुपचं निळं, एचं पिवळं, बीचं गुलाबी, एबीचं पांढरं. गंमत म्हणजे रक्तगट तपासायच्या औषधांच्या बाटल्यांत अँटी-ए निळं असतं आणि अँटी-बी पिवळं, म्हणून नवीन माणूस पहिले आठ दिवस गोंधळतो. अण्णा भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडून बसायचे आणि म्हणायचे, "पोरगी हुशार आहे, सगळं करती." मला ते आवडायचं. खरंच आवडायचं.

फ्रिजला एक गोल कागदी चार्टही असतो. त्यावर पेनची सुई आठवडाभर तापमानाची रेघ ओढत राहते आणि दर सोमवारी कागद बदलायचा असतो. मी लागले तेव्हा एकाच कागदावर रेघांवर रेघा चढून जाड काळं कडं झालेलं होतं. किती आठवड्यांचा कागद होता, सांगता आलं नसतं. पेनही सुकलेलं. मी कपाटातून नवं पेन शोधलं, कागद बदलला आणि पुढं दर सोमवारी बदलू लागले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

14 एप्रिलला शहरात जागोजागी रक्तदान शिबिरं असतात. त्या दिवशी सोलापूर भरभरून रक्त देतं, पुरुष, बायका, कॉलेजची पोरं, रांगा लागतात. पण सगळं एका दिवशी! मेच्या शेवटी त्या बॅगांची मुदत संपते, कॉलेजांना सुट्ट्या लागलेल्या असतात आणि आम्ही फोन करून दाते शोधत बसतो. आयोजकांना मी दरवेळी सांगते, निम्मी माणसं जूनला द्या. फोटो एप्रिलमध्येच काढायचा असतो, त्याला मी काय करणार.

त्या शिबिराच्या 43 बॅगा आमच्या तपासलेल्या रक्ताच्या फ्रिजमध्ये होत्या. त्यातल्या सहा मी मागच्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्या होत्या, वर चिठ्ठी लावून: 'थॅलेसेमिया'. रक्ताचा हा आजार असलेल्या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतं आणि ते शक्य तितकं ताजं द्यायचं असतं, म्हणजे जास्त दिवस पुरतं.

तो आठवडा भयंकर उन्हाचा होता. दुपारी पारा 43 च्या पुढं, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, आणि विजेचा लपंडाव. माझी ड्यूटी दुपारी 2 ते रात्री 10. दहाला अण्णा आले, बॅग टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच रजिस्टर ओढलं. रात्री 10 ला 4.1. त्याच दमात 2 ला 4.2. सकाळी 6 ला 4.0. तीन सह्या. पेन खिशात.

मी स्कार्फ बांधत होते. मला दिसलं. आधीही तीनदा दिसलं होतं. मी म्हटलं, "येते अण्णा." आणि सात रस्त्याला रिक्षा पकडायला बाहेर पडले.

सकाळची टेक्निशियन रजेवर होती म्हणून दुसऱ्या दिवशी मी पावणेआठलाच गेले. अण्णा हातपाय धुवायला गेले होते. फ्रिजसमोर गेले तर दर्शनी आकडेच नाहीत, काळी पट्टी. खाली स्टॅबिलायझरचा लाल दिवा. रात्री लाइट गेली, जनरेटर लागला, लाइट परत आली तेव्हा व्होल्टेज चढलं आणि स्टॅबिलायझरनं फ्रिज तोडला. तो हातानं पुन्हा चालू करावा लागतो. अशा वेळी अलार्म वाजतो, त्याला वेगळी बॅटरी असते. ती बॅटरी मागच्या बाजूला तार काढून लोंबत ठेवलेली होती, कारण दार उघडलं की तो अलार्म कुईंकुईं करायचा आणि अण्णांची झोप मोडायची.

तापमान नुसत्या हवेचं मोजत नाहीत. ग्लिसरॉलच्या पाण्याच्या छोट्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवलेला असतो, बॅगेच्या आतलं रक्त किती गार आहे ते कळावं म्हणून. मी दार जरासं उघडून बाटली बघितली. 13. लाल पेशी 2 ते 6 मध्ये ठेवायच्या असतात. 10 च्या वर गेल्या की संपलं, मग फ्रिज परत गार झाला तरी ते रक्त कुणाच्या शिरेत घालता येत नाही.

चार्टची रेघ मात्र चालू होती, त्याला स्वतःची बॅटरी असते. सोमवारी मीच लावलेला कोरा कागद. बारीक निळी रेघ 4 वरून सरळ आलेली, एकच्या सुमाराला वळलेली आणि जिन्यासारखी वर वर गेलेली. साडेचारच्या आसपास तिनं 10 ओलांडलं होतं. शेजारी टेबलावर रजिस्टर उघडं होतं: 2 ला 4.2, 6 ला 4.0.

अण्णा आले, नॅपकिननं तोंड पुसत. त्यांनी आधी फ्रिज बघितला नाही, चार्ट बघितला. मग मला विचारलं, "तू बदललीस व्हय कागद?" आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं.

43 बॅगा बाद झाल्या. त्या तशाच टाकता येत नाहीत, आधी ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत शिजवून, मग पिवळ्या पिशवीत. ते काम माझ्याकडं आलं. 121 अंशांवर शिजलेलं रक्त तपकिरी होतं, घट्ट, काळजाच्या तुकड्यासारखं, आणि त्याचा वास कपड्यांत बसतो. लेबलं मात्र शाबूत राहतात. निळं, गुलाबी, गुलाबी, पिवळं. प्रत्येकावर दात्याचा नंबर होता, आणि त्यातल्या बऱ्याच नळ्या मीच स्ट्रिप केलेल्या होत्या.

अकराला अक्कलकोटकडचे एक वडील नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. बी पॉझिटिव्ह, दर वीस दिवसांनी येणारा. पोरगा सरावानं बाकावर बसला, पाटीपेन्सिल खायला काढली. मी चार रक्तपेढ्यांना फोन केले, दीड वाजता एक बॅग मिळाली, बत्तीस दिवसांची. ते वडील "मिळाली ना ताई, बास" म्हणाले. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

प्रमुख मॅडमनी संध्याकाळी मला एकटीला बोलावलं. चार्ट आणि रजिस्टर दोन्ही समोर.

"दोनची नोंद कधी लिहिली, तू बघितलंस?"

"हो मॅडम. रात्री दहाला."

"याआधी कधी?"

"तीनदा."

मॅडमनी चष्मा काढला. "मग?"

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. रागावल्याही नाहीत. बाद होण्याचं कारण त्यांनी खरं लिहिलं आणि वर पाठवलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. कितीतरी ठिकाणी 'मुदत संपली' लिहून मोकळे झाले असते. पण त्या 'मग'चं उत्तर मला आजही देता येत नाही. नवी होते, हे उत्तर नव्हे. ज्या बाईला कुणी न सांगता चार्टचा कागद बदलायचं सुचतं, तिला "अण्णा, मी दोनला फोन करू का?" एवढं सुचायला हवं होतं. त्यांच्या वाटच्या नळ्या मी ओढल्या नसत्या तर गुठळ्या सापडल्या असत्या, तक्रारी आल्या असत्या, मार्चमध्येच कुणीतरी बघितलं असतं. हेही मनात येतं.

अण्णांना मेमो मिळाला आणि रात्रपाळी काढून त्यांना शिबिरांवर घातलं. स्टॅबिलायझर नवीन आला, जो तीन वर्षं मागितला जात होता. त्याच तीन वर्षांत ऑफिसचं फर्निचर दोनदा बदललं म्हणे. अलार्मची तार मी जोडली, आणि रोज संध्याकाळी मुद्दाम वाजवून बघते. दोन सहकारी महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. "कागद लावून अण्णाला धरलं पोरीनं," असं झालं होतं.

मागच्या बुधवारी अण्णा शिबिराहून बारा बॅगा घेऊन आले. फॉर्मवर बाराच्या बारा बॅगांपुढं एकच वेळ: 11. प्लेटलेट काढायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा तासांच्या आत बॅग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायला लागते, म्हणून ती वेळ.

मी विचारलं, "अण्णा, पहिली बॅग किती वाजता भरली?"

ते बराच वेळ फॉर्मकडं बघत राहिले. मग खिशातून पेन काढलं, पहिले 11 खोडले आणि लिहिलं, 9.40. खालचे 11 खोडून 9.55. एकेक आठवत, बोटं मोजत, बाराही.

पावणेतीन झाले होते. मी वरच्या चार बॅगा उचलल्या आणि सेंट्रिफ्यूजकडं पळाले.