खान्देशच्या नकाशावर षटकोनी जाळी

तालुक्याला एकच रंग फासलेले नकाशे मला आता पटतच नाहीत. रावेर-यावलचं बघा ना, केळी सगळी खाली तापीच्या पट्ट्यात आणि त्याच तालुक्यांची वरची बाजू सातपुड्याच्या जंगलात, पण नकाशात तालुका भरला की डोंगरावर पण केळीच दिसते. गावाच्या हद्दी घेतल्या तरी तेच, कुठलं गाव इवलंसं कुठलं अवाढव्य, आणि बघणाऱ्याचा डोळा मोठ्या तुकड्याकडेच जातो.

म्हणून सारख्या मापाची जाळी, आणि ती पण षटकोनी. फट न ठेवता, एकमेकांवर न चढता जमीन झाकणारे नियमित आकार तीनच आहेत, त्रिकोण, चौरस आणि षटकोन. चौरस लिहायला सोपा, पण त्याचे चार शेजारी जवळ आणि कोपऱ्यातले चार १.४१ पट लांब, षटकोनाचे मात्र सहाच्या सहा सारख्या अंतरावर. विहिरींची पाणीपातळी आजूबाजूच्या सेलशी, म्हणजे जाळीच्या शेजारच्या घरांशी, ताडून बघायची असली की हे फार कामाला येतं.

कोड म्हणजे पायथनमध्ये दोन लूप, बस. टोक वर ठेवायचं, मग सेलची रुंदी बाजूच्या १.७३ पट, पुढची ओळ दीड बाजू वर, आणि एकाआड एक ओळ अर्ध्या रुंदीने सरकवायची. एक चौरस किलोमीटरचा सेल हवा तर बाजू ६२० मीटर धरा. शेपली या पायथनच्या आकार काढणाऱ्या लायब्ररीने षटकोनांचे पॉलिगॉन बनवा, जिओपांडाज या नकाशा-डेटाच्या लायब्ररीत टाका, विहिरींच्या पॉइंटशी स्पेशियल जॉइन करा, म्हणजे कुठली विहीर कुठल्या सेलमध्ये पडते ते जोडा, झालं.

पण भो, हे सगळं मीटरमध्ये करा, अंशात नाही! आपण २१ अक्षांशाजवळ, इथे अक्षांशाचा एक अंश जवळपास १११ किलोमीटर आणि रेखांशाचा १०४च, त्यामुळे अंशात काढलेला षटकोन जमिनीवर पूर्व-पश्चिम आखडतो. आधी डेटा यूटीएम या मीटरमध्ये मापं देणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये न्या, त्याचा ईपीएसजी कोड, म्हणजे सॉफ्टवेअरला सांगायचा नंबर, ३२६४३. नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्ही जिल्हे यात बसतात आणि झोनची मधली रेषा, ७५ रेखांश, अमळनेरच्या जवळूनच जाते, म्हणजे आपल्याकडे मापं फारशी बिघडत नाहीत.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिडचं, म्हणजे जाळीचं, आयतं टूल आहे, चांगलं आहे, तरी मी स्वतःच लिहितो, कारण जाळी कुठून सुरू होणार ते मला माझ्या हातात हवं असतं. डेटाच्या कोपऱ्यापासून सुरू केली तर पुढच्या वर्षी दोन विहिरी वाढल्या की अख्खी जाळी सरकते आणि मागच्या वर्षाशी तुलनाच करता येत नाही. एक ठरलेला आरंभबिंदू घ्या, ओळ आणि रकाना यांच्या नंबरवरून सेलला आयडी द्या, तो कायमचा.

आणि हद्दीवरचे सेल कापू नका, कापले की क्षेत्रफळ सारखं राहत नाही मग एवढा खटाटोप कशाला. रावेरच्या पुढे काही सेल मध्य प्रदेशात शिरतात तर शिरू द्या, बऱ्हाणपूरकडे पण केळीच आहे, तिकडचे पॉइंट मिळाले तर ते पण घ्या.