तामण, वांगी, अळूचा देठ: माझं पहिलं जांभळं पॅलेट

शेवटी घेतलंच. नऊच्या नऊ छटा जांभळ्या असलेलं आयशॅडो पॅलेट, १,४५० रुपयांचं. कार्टमध्ये दीड महिना पडून होतं. येत्या रविवारी मावसबहिणीचं लग्न आहे आणि मी आईची वांगी रंगाची पैठणी नेसणार आहे. म्हटलं, आता नाही तर कधी?

या रंगाचं आणि माझं जुनं दुखणं आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला मैत्रिणीच्या डबीतली जांभळी आयशॅडो हौसेने लावली होती, तर स्टेजमागे दोघीतिघींनी काळजीने विचारलं, "डोळ्याला लागलंय का गं?" पुढे पार्लरमधल्या ताईंनीही सांगून टाकलं की सावळ्या रंगावर जांभळा मळतो, तुम्ही आपलं ब्राऊन-गोल्डनच घ्या. पंधरा वर्षं मी तेच घेत आले. पण वांगी रंगाची साडी नेसले की त्याच मैत्रिणी म्हणतात, काय खुलतो गं तुला हा रंग! अंगावर खुलणारा रंग पापणीवरच का मळावा, हे कोडं मला खरंच छळत होतं.

त्याचं उत्तर शाळेतच शिकले होते. एलिमेंटरीच्या परीक्षेच्या तयारीत रंगचक्र काढायचो, आठवतंय? त्यात जांभळ्याच्या बरोबर समोर पिवळा. हे दोन्ही एकमेकांत मिसळले की दोघांचाही जीव जातो, उरतो तो मातकट करडा. साडीचं कापड जाड असतं, आतली त्वचा त्यातून दिसत नाही. आयशॅडोचा थर मात्र इतका पातळ की खालची त्वचा त्यातून डोकावतेच. माझ्या कातडीला चांगली पिवळसर झाक आहे. आणि पापणी उरलेल्या चेहऱ्यापेक्षा एक छटा गडद, शिवाय दुपारपर्यंत तेलकट. म्हणजे मळत होता तो पातळ थरातला रंग, आणि मी इतकी वर्षं दोष देत होते माझ्या सावळेपणाला. हे लक्षात आलं तेव्हा मला खूप हलकं वाटलं.

शनिवारी सकाळी खिडकीपाशी बसून मनगटाच्या आतल्या बाजूला नऊही छटांच्या रेघा ओढल्या. ट्यूबलाइटखाली जांभळा बघू नका, फसवतो. डब्यावरची इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी माझीच ठेवली. सगळ्यात फिकी ती कांद्याचं साल. मग गोकर्ण, त्यात निळी झाक जास्त. वांगी, अगदी चकचकीत भरताच्या वांग्याची. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर राहतो तो रंग. अळूचा देठ, म्हणजे तपकिरीत बुडवलेला मॅट जांभळा, दिसायला अगदी साधा आणि कामाला सगळ्यात मोठा. कारवी, जिला हात तिरका केला की निळी लकाकी येते. आणि तामण. उरलेल्या दोघींपैकी एक गडद राणी, तिच्याबद्दल पुढे सांगते, आणि एक चंदेरी, जी मला अजून जमलेली नाही.

तामण हे नाव उगाच नाही दिलेलं. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर तामणाचं झाड आहे, सध्या अंगभर फुललंय. आपलं राज्यफूल ते! खाली पडलेलं एक फूल उचलून आणलं आणि मनगटावरच्या रेघेशेजारी ठेवलं. पाकळ्या इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या, कडांना झालर, ताज्या फुलात रंग गर्द आणि जुन्यात विटून गुलाबीकडे गेलेला. रेघ आणि पाकळी जवळजवळ एक झाली. पण माझी नजर खिळली ती मधल्या केसरांच्या पिवळ्या झुबक्यावर. तोच पिवळा, जो माझ्या कातडीत असला की जांभळ्याला मारतो, इथे शेजारी बसून त्याला पेटवत होता. मिसळला तर मळ, शेजारी ठेवला तर उजेड. पैठणीच्या जरीच्या काठाचंही तेच तर असतं! माझ्या लुकचा आराखडा तिथेच ठरला: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात सोनेरीचा बारीक ठिपका, बाकी सगळा जांभळा.

आता लावायचं कसं, कारण खरी गंमत तिथे आहे. मी मुद्दाम दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं करून पाहिलं. डाव्या पापणीवर काहीच न लावता थेट तामण, उजव्या पापणीवर आधी कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकणाऱ्या त्वचेच्या रंगाच्या क्रीमचा, पातळ थर आणि मग तामण. डावीकडे तीन वेळा ब्रश फिरवूनही गॅदरिंगवाला करडा. उजवीकडे पहिल्याच हाताला फुलाचा रंग. कन्सीलर त्वचेपेक्षा किंचितच उजळ घ्या. पांढरा बेस लावला तर सावळ्या पापणीवर राख फासल्यासारखं दिसतं. खळगीत, म्हणजे पापणीच्या वरच्या घडीत, आधी अळूचा देठ फिरवायचा, म्हणजे जांभळा आणि कातडी यांच्यामध्ये एक मध्यस्थ येतो आणि कड चिरल्यासारखी दिसत नाही. गडद छटा थापायच्या, घासायच्या नाहीत, घासलं की खालचा कन्सीलर उचकटतो. कारवीला तर ब्रशच नको, ओलसर बोट बस. तिची चमक अभ्रकाच्या कणांवर दिलेल्या पातळ मुलाम्यातून येते, कण पापणीवर सपाट बसले तरच ती निळी लकाकी दिसते.

खोक्यामागची यादीही वाचा, प्लीज. जांभळ्या रंगात बहुतेकदा ७७७४२ हा आकडा सापडेल, तो मँगनीज व्हायोलेट, आणि ७७००७ म्हणजे अल्ट्रामरीन. दोन्ही खनिज प्रकारची रंगद्रव्यं. ७५४७० दिसला तर तो कार्माइन, वाळवलेल्या कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल. ऑफिसमधल्या माझ्या जैन मैत्रिणीला मी लगेच फोन करून सांगितलं, कारण ती हेच पॅलेट घेणार होती आणि यात तीन छटांमध्ये कार्माइन आहे. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि ती राणी. दिसायला सगळ्यात देखणी, पण रात्री तेलाने पुसल्यावरही पापणीवर गुलाबी डाग राहिला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तिच्या यादीत ४५४१० आहे, हा रंग अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायला परवानगी नाही. मला याचा राग आला. इतकी महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत का असावी? मी ती छटा आता डोळ्यांना लावणार नाही. तुम्हीही कोणतीही नवी छटा आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहा.

सोमवारी ऑफिसला लावून गेले, नुसतं कांद्याचं साल आणि अळूचा देठ. सकाळची ८:१७ ची लोकल, मेचा घाम, डोंबिवली ते दादर उभ्याने. संध्याकाळी घरी येऊन आरसा पाहिला तर खळगीत एक बारीक रेघ जमली होती, बाकी सगळं जागच्या जागी. लेडीज डब्यात एका काकूंनी मात्र थेट विचारलं, "कोणता शेड आहे हो? माझ्या सुनेचा रंग तुमच्यासारखाच आहे." मी त्यांना नाव लिहून दिलं, आणि खाली कन्सीलरचंही.

रविवारचा मुहूर्त सकाळी ९:२० चा आहे, म्हणजे पाचला उठायला हवं. खळगीत अळूचा देठ, पापणीवर वांगी, मध्यभागी बोटाने कारवी, आतल्या कोपऱ्यात सोनेरी. काजळ फक्त वरच्या पापणीला. आईने पैठणी काल उन्हं उतरल्यावर वाऱ्यावर टाकली होती, ती घडी करून ठेवलीये, आणि तिच्यावर मी पॅलेट ठेवलंय, विसरायला नको म्हणून.