तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं ऐकून तुम्हाला झोप कशी लागते?

मुंबईत देहव्यापारातून सोडवून आणलेल्या स्त्रियांच्या संरक्षणगृहात मी समुपदेशक आहे, हे कळले की समोरची व्यक्ती हमखास हा प्रश्न विचारते. झोप लागते, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेच लागते.

ऐकण्याचा परिणाम होत नाही, असे मात्र नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने आघाताचे तपशील कामानिमित्त वारंवार कानी पडणे हेही आघातोत्तर तणावविकाराचे एक कारण मानले आहे. आमच्याकडे मुलगी तीच हकिगत आधी पोलिसांना, मग दंडाधिकाऱ्यांना आणि पुढे खटला उभा राहिला की न्यायालयात सांगते. दर वेळी तिची तयारी करून घ्यायची आणि नंतर तिला सावरायचे, म्हणजे ती आम्हीही तितक्यांदा ऐकतो. कुर्ला टर्मिनसवर एखादी बावरलेली मुलगी दिसली, की सोबतचा माणूस तिचा कोण असावा, हे मी नकळत न्याहाळू लागते.

पण मला जड जाते ते दुसरेच. १९५६ च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘पीटा’च्या, कलम १७ नुसार चौकशीपुरते तीन आठवड्यांपर्यंत आणि चौकशीअंती एक ते तीन वर्षे बाईला संरक्षणगृहात ठेवता येते. सज्ञान बाई माझ्यासमोर बसून म्हणते, ‘मॅडम, मला जाऊ द्या, पोराच्या शाळेची फी भरायचीय’, आणि संध्याकाळी त्याच कुलूपबंद दारातून मी घरी निघते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त केले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा शोध घेण्यास राज्यांना सांगितले. तरी रोजच्या शिव्या आम्हालाच मिळतात, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या पुष्कळ मला रास्त वाटतात.

यावर वरिष्ठांचा उपाय ठरलेला: मन घट्ट करा, योगासनांच्या शिबिराला जा. योगासनांनी पाठ मोकळी होते, हातातल्या केसेस कमी होत नाहीत. सर्वांत दुर्लक्षित राहते ती गृहमाता. रात्री कुणी झोपेत किंचाळून उठली तर पाणी घेऊन धावते ती, पण तिच्या हुद्द्यात समुपदेशन नसल्यामुळे तिच्यावर ताण येतो, हे कागदावर कुठेच येत नाही. आमच्याकडे आता अधूनमधून बाहेरच्या एक ज्येष्ठ समुपदेशक येऊन आमचे ऐकून घेतात. त्या बैठकीला गृहमातांनीही ड्यूटीच्या वेळेतच बसावे, एवढे मान्य करून घेण्यासाठी मात्र बरेच भांडावे लागले.