धावपट्टी सरत आली तरी आम्ही जमिनीवरच

ठाण्याच्या घरी बॅग स्प्रिंगच्या काट्याला टांगली, तर काटा साडेतेवीसवर. अर्धा किलो मेतकूट काढून ओट्यावर ठेवलं, तेव्हा कुठे दोन्ही बॅगा तेवीस-तेवीसात बसल्या. मुंबई ते न्यूअर्क, थेट, पंधरा तासांच्या वर. मे महिना, रात्रीचा एक वाजून गेलेला आणि बोईंग ७७७-३००ईआर शेवटच्या रांगेपर्यंत गच्च. निम्मे तरी आमच्यासारखेच, कुणी मुलीच्या बाळंतपणाला, कुणी नातवंडांकडे. प्रत्येकाच्या बॅगेत भाजणी, लोणचं, बाकरवडी असणारच. बोर्डिंगच्या रांगेपासून माझ्या डोक्यात एकच: हे सगळं उचलणार कसं?

शेजारी साताऱ्याकडचे एक काका. एकतीस वर्षं एसटीचे चालक, विमानात पहिल्यांदाच. मागे वळून त्यांनी सगळी गाडी नजरेखालून घातली. "फुल्ल लोड आहे की हो, ताई."

लोडचं मला आधीच ठाऊक होतं. भाचा विमानांच्या देखभालीत आहे आणि मागच्या वेळी माझी घाबरगुंडी ऐकून त्याने मला हिशोबच मांडून दाखवला होता. हे विमान जास्तीत जास्त ३५१ टन वजन घेऊन उडू शकतं. साडेतीनशे जणांच्या दोन-दोन बॅगा धरल्या तरी होतात सोळा टन. इंधन मात्र एवढ्या लांबच्या पल्ल्याला शंभर टनांच्याही वर! "मावशी, तुझ्या मेतकुटाने काही होत नाही," तो म्हणाला. पण उतरताना हेच विमान २५१ टनांपेक्षा जड चालत नाही. म्हणजे उडाल्या उडाल्या परतायची वेळ आलीच, तर इंधन हवेत सोडून हलकं व्हायचं. हे त्याने मला सांगायला नको होतं.

विमान घाटकोपरच्या अंगाच्या टोकाला जाऊन वळलं, थांबलं. मग इंजिनं घुमली. त्यांच्या पंख्यांचा व्यास सव्वातीन मीटर, आवाज कानापेक्षा बरगड्यांत जास्त जाणवतो. पाठ सीटला चिकटली आणि मी सेकंद मोजायला लागले. गोव्याच्या विमानात तिसाच्या आसपास नाक वर होतं, हा माझा अनुभव.

तीस झाले. चाकं खडखडतायत, डोक्यावरचे कप्पे करकरतायत, बाहेरचे दिवे मागे पळतायत. पस्तीस. उकाड्यात हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, धाव लांबते. हेही भाच्याचंच. चाळीस. साधारण साडेतीन किलोमीटरची धावपट्टी, त्यातली उरली किती? वैमानिकांचा एक ठरलेला वेग असतो, व्ही-वन. तो ओलांडला की थांबायचं नाही. एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर उडायचं, आणि तेवढं जमेल असं गणित करूनच निघतात. घरी सोफ्यावर बसून ऐकताना हे फार छान वाटलं होतं.

खिडकीतून पंख दिसत होता. इंधनाने जडावलेला, आत्तापर्यंत जरा खाली झुकलेला. पंचेचाळीसला त्याचं टोक हळूहळू वर जायला लागलं, वाकून वर, आणखी वर. आमची चाकं अजून जमिनीवर होती, पण पंख आधीच उडाला होता. एकोणपन्नासला नाक उचललं, बावन्नला खडखड थांबली.

काका गप्प. त्यांचा उजवा पाय समोरच्या सीटखाली दाबून धरलेला. ब्रेक होता की ॲक्सिलरेटर, कोण जाणे.

पार्ल्याचे दिवे खालून गेले, जुहूचे आले, आणि एका रेषेवर सगळे संपले. पुढे काळाकुट्ट समुद्र. नेमका तेव्हाच इंजिनांचा आवाज उतरला. पोटात खड्डा पडला, विमान खाली बसतंय असं वाटलं. हजार-दीड हजार फुटांवर जोर थोडा कमी करतात, हे पाठ असूनही मी कुणाचा तरी हात घट्ट धरला.

"वरचा गिअर टाकला," काका म्हणाले. "खंबाटकी चढून आल्यावर आम्ही टाकायचो तसा."

धरलेला हात त्यांचाच होता. तोही घामेजलेला. मी सोडला, त्यांनी तो धोतराला पुसला आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. धपाटे होते, सोबत शेंगदाण्याची चटणी. डबा चांगला दोन किलोचा असेल.

ओट्यावर राहिलेलं मेतकूट आठवलं. तेही आलं असतं की!