रफी असताना तुम्ही कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उदगीरपासून कळंबपर्यंत कुठंही चहाला थांबलो की कुणीतरी विचारतंच : मोबाइलमध्ये खुद्द रफीसाहेब असताना तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या ‘व्हॉइस ऑफ रफी’चं, म्हणजे तुमचं, गाणं का ऐकायचं?

पूर्वी उत्तर तयार असायचं. रफीसाहेब ३१ जुलै १९८० ला गेले. ते असतानाही केज तालुक्यातल्या वाडीवर त्यांना कोण आणणार होतं? गावानं वर्गणी काढली की आम्ही टेम्पोतून जायचो आणि रात्रभर तिथं रफी असायचा. हुबेहूब गाणं सोपं नाही. श्वास कुठं घेतला, शब्द कुठं सोडला, सगळं कॅसेट मागेपुढे करून उचललंय. संगीतकार श्रीकांत ठाकऱ्यांनी त्यांच्याकडून मराठी गाणी गाऊन घेतली, तीही मी त्यांच्याच जरा परक्या, गोड उच्चारांत म्हणतो. जन्म औशाचा, आणि मराठी गातो पंजाबी माणसासारखं! हसा. पण माझ्या उच्चारांत म्हटलं की समोरचेच म्हणतात, बिघडवलं.

हेच लोक कीर्तनात तुकोबांचा एकच अभंग दर बुवाच्या वेगळ्या चालीत ऐकतात. परभणीच्या उरुसात कव्वाल एका ओळीवर कितीही वेळ घोळला तरी मूळ कुठलं, असं कुणी विचारत नाही. रेकॉर्ड निघालेल्या गाण्यातला मात्र मधला व्हायोलिनचा तुकडासुद्धा यांना पाठ. कॉपीराइटचा कायदाही यांच्याच बाजूचा. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपून पाच वर्षं झाली की दुसऱ्याला ते गाणं नव्यानं रेकॉर्ड करता येतं. पण रॉयल्टी आगाऊ, तीही साधारणपणे किमान ५०,००० प्रतींची, आणि मालकाच्या संमतीशिवाय शब्दांत-चालीत फेरफार नाही. तांत्रिक गरज असेल तेवढाच. मग आमचं त्यात काय राहिलं?

आता ती रात्र सांगतो, म्हणजे माझी चिडचिड कळेल.

केजकडचं एक गाव, गणपतीचा कार्यक्रम. समोर बसलेल्यातली निम्मी माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी. निरोपाचं एक गाणं चढवत आणलं आणि लाईट गेली. जनरेटरवाला आलेलाच नव्हता. कीबोर्ड बंद, ऑक्टोपॅड बंद, माइक बंद. पोरं शिट्ट्या मारायला लागली. गोंधळ होऊ नये म्हणून मी स्टेजच्या कडेला बसून तेच गाणं पुन्हा धरलं, मूळ पट्टीपेक्षा दोन सूर खाली. सोबत नुसती ढोलकी, तीही बोटांनी. वरची जागा आली तेव्हा वर गेलोच नाही; ओळ बोलल्यासारखी म्हटली, पुन्हा म्हटली. रफीसाहेब डोक्यात नव्हते. डोक्यात माझा थोरला भाऊ होता, कोयता घेऊन ट्रॅक्टरवर बसलेला. शिट्ट्या थांबल्या. गाणं संपलं तरी कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, आज पोचलं.

लाईट आली. मंडळाचा अध्यक्ष स्टेजवर चढला आणि माइक हातात देत म्हणाला, “मास्तर, लाईट आलीय, आता खरं गाणं म्हणा की.”

म्हटलं. मूळ पट्टीत, व्हायोलिनच्या तुकड्यासकट. दोनदा वन्स मोअर.

आमचा ढोलकीवाला आजही सांगतो, अंधारात लोक नुसते कंटाळले होते. असेलही. तेव्हाचा मी म्हणाला असता, मूळ गाण्यात नसलेलं आपल्याकडे काही असेल तरच पुन्हा गावं. आज तेवढं छातीठोक म्हणवत नाही. नंतर घरी रेकॉर्ड लावून ऐकली, तर जे मला अंधारात सापडलं असं वाटत होतं, ते रफीसाहेबांनी त्याच ओळीत आधीच ठेवलेलं होतं. मी इतकी वर्षं मुरक्या मोजत बसलो होतो. मग त्या रात्री मी वेगळं गायलो, की पहिल्यांदा बरोबर गायलो? ढोलकीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, आधी बिदागीचं बघा.

३१ जुलैचा कार्यक्रम ठरलाय. सगळी गाणी मूळ पट्टीत म्हणणार, सुपारी त्याचीच घेतलीय. दोन सूर खालचं ऐकायचं असेल तर सामान टेम्पोत भरून होईपर्यंत थांबा.